खुडूक अजगर

“अजगराचं तोंड उघडायचं आणि नळी आत सरकवायची. पाच मिनिटांचं काम,” पुण्याहून आलेले जनावरांचे डॉक्टर म्हणाले.

नूरजहाँ सामानाच्या कोठीच्या दारात उभी होती. ती हलली नाही.

“मावशी, बाजूला व्हा,” मधुवंती मॅडम म्हणाल्या. “सहा महिने त्यानं काही खाल्लेलं नाही. आणि त्याची हॉलमधली पेटी इथं अंधारात आणायला तुम्हाला सांगितलं कुणी?”

“कुनीच न्हाई. म्याच आणली.”

पानशेतच्या धरणाकाठी मॅडमचा बंगला होता आणि नूरजहाँ नि तिचा नवरा नजीर तो सांभाळत. मागची खोली, तीच त्यांचं घर. दोन वर्षांपूर्वी मॅडमनी एक परदेशी अजगर आणला. साडेतीन फुटांचा, तपकिरी, आणि असा भित्रा की कुणी हात लावला तर डोकं पोटाशी घेऊन चेंडू व्हायचा. पंधरा दिवसांतून एकदा गोठवलेला उंदीर गरम पाण्यात ठेवून त्याला द्यायचा, हे काम नूरजहाँकडे आलं. पहिल्या दिवशी ती घाबरून रडली होती. पुढं मात्र तिला त्याचा लळा लागला, आणि तो का लागावा हे नजीरला शेवटपर्यंत कळलं नाही.

पावसाळ्याआधी अजगरानं जेवण सोडलं. पाहुण्यांना दिसावा म्हणून मॅडमनी काचेची पेटी हॉलच्या मधोमध दिव्याखाली ठेवलेली. दर शनिवारी मंडळी यायची, काचेवर टकटक करायची. नूरजहाँचीही चूक काही कमी नव्हती. ती सकाळ-संध्याकाळ चिमट्यात उंदीर धरून त्याच्या तोंडाशी नाचवायची. “खा रं बाबा, येक घास खा.” नजीर हसायचा. “ईद झाली की. तुझ्या ह्याचं रोजं अजून चालूच.”

मग ती कोंबडीची गोष्ट झाली. नूरजहाँची गावरान कोंबडी खुडूक होऊन बांबूच्या डालग्याखाली अंड्यांवर बसली होती. आलेल्या एका पाहुणीनं कौतुकानं चार वेळा डालगं उचललं, तशी कोंबडी अंडी टाकून उठली ती उठलीच. बारा अंडी वाया गेली. नूरजहाँनं त्या बाईला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या, आणि घालता घालता तिच्या मनात आलं: आपण तरी दुसरं काय करतोय? खुडूक कोंबडी दाण्याला तोंड लावत नाही, म्हणून कुणी तिच्या चोचीत दाणे कोंबत नाही. तिला झाकतात आणि तिच्या वाटेला जात नाहीत.

त्याच दिवशी तिनं नजीरला हाताशी घेऊन पेटी कोठीत हलवली. उबेचा बल्ब तसाच ठेवला, कडेचा मोठा टवका उडालेलं मडकं आत उपडं घातलं आणि काचेभोवती गोधडी लपेटली. अजगर मडक्यात शिरला. त्या गोष्टीला आता पंधरा दिवस झाले होते.

“मेला तर?” मॅडमचा आवाज चढला.

“मेला तर उद्यापासनं आमी दोघं हितं दिसणार न्हाई.” मागं उभ्या नजीरनं चमकून तिच्याकडं पाहिलं. राहायला दुसरं घर नव्हतं. “पन त्यो मरायचा न्हाई. दर म्हैन्याला पिशवीत घालून तोलत हुते मी. सा म्हैन्यात पन्नास गिराम उतरलाय, बास. उपाशी मरणारं जनावर आसं ऱ्हातं व्हय?”

डॉक्टरांनी पिशवीतली नळी बाहेर काढली नाही. “पन्नासच? खरं असेल तर आठवडाभर थांबू,” ते म्हणाले.

“रविवारपर्यंत,” मॅडम म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

गुरुवारी दिवस मावळताना नूरजहाँनं गरम केलेला उंदीर मडक्याच्या फुटक्या कडेशी ठेवला, गोधडी सोडली आणि बाहेर येऊन मेथी निवडत बसली.

“बघ की जाऊन,” नजीर म्हणाला.

“न्हाई.”

“निदान कान तरी दे.”

“तुमी मेथी निवडा,” ती म्हणाली. तिच्या हातून निम्मी पानं काड्यांबरोबर उकिरड्यात चालली होती.

सकाळी तिनं गोधडीचा कोपरा वर केला. उंदीर नव्हता. मडक्याच्या फुटक्या कडेतून अजगराचं अंग दिसत होतं आणि त्याला मधोमध चांगला फुगवटा आला होता. नूरजहाँ तिथंच खाली बसली. उभ्या आयुष्यात एवढा आनंद तिला फार थोड्या वेळा झाला होता, आणि तो तिनं तोंडावर पदर दाबून साजरा केला, कारण आवाज करायचा नव्हता.

नजीर सायकल काढून पानशेतच्या बाजारातून जिलबी घेऊन आला. हॉटेलवाल्यानं विचारलं, “काय नजीरभाई, नातू झाला का?”

“न्हाई. अजगर जेवला,” नजीर म्हणाला, आणि सगळं हॉटेल पोट धरून हसलं तरी त्यानं तिथं चौघांना जिलबी वाटलीच.

अजगर जेवल्याचं नजीरनं मॅडमना फोनवर कळवलं होतं. रविवारी दोन गाड्या आल्या. नूरजहाँ कोठीशी होती. पाहुण्यांचा घोळका हसत-बोलत मागल्या दाराकडं निघाला, तेव्हा मॅडमनी त्यांना हॉलमध्येच थांबवलं आणि त्या एकट्या पुढं आल्या. स्वतःच्याच बंगल्यातल्या कोठीच्या उंबऱ्याबाहेर त्या थांबल्या.

“मावशी,” त्या हळूच म्हणाल्या, “आत येऊ का?”

नूरजहाँनं त्यांच्या पायांकडं पाहिलं.

“या. पन चपला काढून. आन् बोलायचं न्हाई.”

मॅडमनी चपला काढल्या.