तापत ठेवलेलं तेल

माझ्या स्वयंपाकघरात कुणी लुडबूड केली की माझं डोकं फिरतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आमच्या सूनबाई माझ्या मागून येऊन गॅस बंद करायच्या. एकदा दुधाखालचा, एकदा वर काहीच नसताना नुसता जळत राहिलेला. पुढच्या वेळी मी तिला सगळ्यांदेखत झाडलं, "माझ्या शेगडीला हात लावायचा नाही! मी अजून भ्रमिष्ट झालेली नाही!"

तिनं बोलणंच टाकलं. मग मीही टाकलं, मी काय कमी आहे? ती आत आली की मी बाहेर. निरोप आमच्या ह्यांच्यामार्फत. हे वैतागून म्हणायचे, "दोघींनी मिळून माझा पोस्टमन केलाय."

खरं सांगू? राग तिच्यावर नव्हताच, मला भीती वाटत होती. हल्ली माझ्या लक्षात राहत नाही. मुलाला ते कळलं असतं, तर त्यानं स्वयंपाक माझ्या हातून काढून घेतला असता. मग दिवसभर मी करायचं काय, भिंती बघत बसायचं?

त्या दुपारी बटाट्याचे काप तळायला कढईत तेल ओतलं, गॅस मोठा केला. तेवढ्यात ती पाणी प्यायला आली. झालं, मी तोंड फिरवून गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेले. समोरच्या गॅलरीत शेजारीण होती. तिच्या जावेची गाऱ्हाणी ऐकण्यात मी अशी रंगले, की तेलाचं पार विसरून गेले.

करपट वास आला तेव्हा धावले. कढईतला जाळ वरच्या फळीला लागत होता. जन्म गेला स्वयंपाक करण्यात, पण काय करावं ते मला सुचेना. सून माझ्या मागोमाग आली. तिनं आधी गॅस बंद केला, मग परातीएवढं झाकण बाजूनं सरकवत कढईवर बसवलं. हे बादली घेऊन आले. ह्यांना कुठल्याही संकटात पाणीच सुचतं.

"बाबा, पाणी नको!" ती ओरडली. "जळतं तेल उडेल सगळीकडे!"

जाळ विझला. हे झाकण उचलून बघायला निघाले, तर तिनं त्यांचा हात धरला. "राहू द्या. हवा लागली की परत पेटेल. पूर्ण गार होऊ दे."

"तुला तेल दिसलं नव्हतं का गं?" मी ओरडले. अबोला मोडला तोही भांडूनच.

"दिसलं होतं. पण तुम्ही हात लावू नको म्हणाला होतात. वाटलं, येतीलच आई."



संध्याकाळी मुलानं काळी झालेली फळी पाहिली. "तेल कुणी ठेवलं होतं?"

"मी," सून म्हणाली. "फोनवर बोलत बसले."

"कमाल आहे तुझी! घरात दोन म्हातारी माणसं, आणि तुला एवढंही भान नाही?"

ती खाली मान घालून ऐकत होती. मी गप्प राहिले असते तर सुटले असते. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण माझ्यासाठी ती बोलणी खात होती आणि ते मला बघवेना.

"तिला काय बोलतोस, गधड्या! मी ठेवलं तेल आणि मीच विसरले. हल्ली मी विसरते. ती बिचारी मागे येऊन गॅस बंद करायची, म्हणून घर शाबूत होतं."

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. आता हा माझी शेगडी काढून घेणार, असं मला वाटलं.

तो तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "स्वयंपाक आईच करतील. फक्त गॅस चालू असताना दोघींपैकी एकीनं शेगडीपाशी थांबायचं. बाहेर जायचं असलं तर मला हाक मारा, आई."

"आणि हाक मारायचंच विसरले तर?"

"मी येऊन विचारीन, गॅस चालू आहे का म्हणून. रोज विचारीन."

"मी चिडणार हं."

"चिडा की. मी तरी विचारीन."

मग मात्र मला रडू आवरेना.