खारकीवचा नंबर

भिमाजी बोरस्ते ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं रशियन दुभाषी होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांची भाषा पक्की होती. मार्च २०२२ मध्ये वणीची सुवर्णा त्यांचा पत्ता विचारत विचारत दारात आली. एसटीचा संप चालू होता, म्हणून काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून. सोबत सासू, रंगूबाई.

सुवर्णाचा नवरा ललित युक्रेनमध्ये, खारकीवच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता. रशियानं हल्ला केल्यापासून आठवडाभर तो तळघरातून फोन करायचा. तीन मार्चला म्हणाला, "स्टेशनला निघालोय. गाडीत बसलो की कळवतो." त्यानंतर त्याचा फोन बंद.

"हा त्यांच्या घरमालकिणीचा नंबर हाय, काका," सुवर्णा म्हणाली. "ती उचलते, पण काय बोलती ते समजत नाय."

भिमाजींनी फोन लावला. पलीकडून म्हातारा आवाज आला आणि रशियन ऐकताच सावध झाला. "तुम्ही रशियन आहात?"

"नाही. भारतातून बोलतोय. तरुणपणी दोन हिवाळे तुमच्याच शहरात शिकायला होतो."

मग ती घरमालकीण, वेरा, बोलू लागली. ललितला तिनं निघताना उकडलेले बटाटे बांधून दिले होते. त्या दिवशी स्टेशनच्या रस्त्यावर तोफगोळे पडले. पुढचं तिला ठाऊक नव्हतं. दवाखान्यांत चौकशी करते, म्हणाली, चार दिवसांनी फोन करा.

चौथ्या दिवशी दोघी सकाळीच आल्या. वेरा खरंच बाहेर पडली होती, गोळीबार थांबेल तशी पायी पायी तीन दवाखाने फिरली होती. तिनं आधी एक प्रश्न विचारला. भिमाजी सुवर्णाकडे वळले.

"ललितच्या अंगावर काही खूण?"

"डाव्या कोपरापाशी भाजल्याचा डाग हाय. तेल उडालं होतं. का हो?"

भिमाजींनी ते रशियनमध्ये सांगितलं. मग वेरा दोनच वाक्यं बोलली. भिमाजींना ती लगेच समजली. इंजिनांची जाडजूड पुस्तकं त्यांनी मराठीत समजावून सांगितली होती, पण ही दोन वाक्यं त्यांच्या तोंडून निघेनात.

"काय म्हणली?"

"पोरी, ललित गेला. स्टेशनच्या वाटेवरच. ओळख पटवायला कुणी नव्हतं, म्हणून बाकीच्यांबरोबर पुरलं त्याला."

सुवर्णा भिमाजींच्या तोंडाकडे बघत राहिली. रंगूबाई मात्र उठल्या. "तुमचं वय झालंय, बाबा. तुम्हाला नीट ऐकू आलं नसंल." आणि सुनेचा हात धरून तिला घेऊन गेल्या.

एप्रिलमध्ये सुवर्णा एकटी आली. गळ्यात मंगळसूत्र होतं. सासूनं दहावं घालू दिलं नव्हतं, घरात कुणी रडायचंही नाही अशी ताकीद होती. वकिलातीच्या यादीत ललित बेपत्ता होता.

"काका, तिला म्हणा, त्या जागेचा फोटो काढून पाठव. नुसत्या मातीचा असला तरी चालंल."

भिमाजींनी नंबर फिरवला. ध्वनिमुद्रित आवाज आला. पुन्हा लावला, पुन्हा तोच.

"बंद आहे."

त्यानंतर ते रोज लावत राहिले. महिनाभरानं एका माणसानं उचलला. तो वेराचा पुतण्या होता. तिच्या इमारतीवर एप्रिलच्या सुरुवातीलाच बॉम्ब पडला होता, त्यात ती गेली; फोन तेवढा ढिगाऱ्यात सापडला होता. ललित कुठल्या कबरस्तानात आहे ते तिनं कुणाला सांगितलं होतं का, त्याला माहीत नव्हतं. त्याला स्वतःच्या आईचाही पत्ता लागत नव्हता. "इथे आता कुणाला विचारणार?" तो म्हणाला.

ललितच्या मृत्यूचा दाखला मिळावा म्हणून, सुवर्णाच्या सांगण्यावरून भिमाजींनी वेराचं सगळं बोलणं तारखेसकट कागदावर लिहिलं, खाली सही केली. कचेरीतल्या कारकुनानं तो कागद दोनदा वाचला आणि परत दिला. "ताई, हे चालणार नाही. तिकडचा सरकारी दाखला लागेल."

जूनमध्ये सुवर्णा टोमॅटोच्या लागवडीला मजुरीनं जाऊ लागली. सोबतच्या बायका वाकून रोपं लावता लावता विचारायच्या, "भावजींचा काय फोन?"

"नाय अजून," ती म्हणायची, आणि पुढच्या सरीला लागायची.