उंबरातलं मोहोळ

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी वाल्मीकने मधमाश्या निवडल्या, तेव्हा गंगापूर रोडवरच्या घरी वडिलांनी कपाळाला हात लावला. पोरगं शिकून माश्या मारणार! मारणार नाही, वाचवणार, असं तो ऐटीत सांगायचा. १९८२ सालच्या फुलोऱ्यात ही ऐट निफाडला पार उतरली.

तिथे गुलजारबीच्या मळ्यात कांद्याचं बी धरायचे. कांद्याला पांढरे गोंडे येतात, ते डोंगळे; त्यात दाणा भरतो तो माश्यांच्या जिवावर. बांधावरच्या उंबराच्या ढोलीत सातेरी माश्यांचं जुनं मोहोळ होतं. डोंगळा फुलला की त्या झाडाखाली चूल पेटवायची नाही, ही त्या घरची रीत. फवारणीचं तर नावच नको. पण सरांनी वाल्मीकला बजावलं होतं, अर्धा तुकडा फवारलेला हवा, तुलनेशिवाय प्रबंध कसला? त्याने गुलजारबीची खूप मनधरणी केली.

“सांजच्याला मार, माश्या घरात गेल्यावर,” ती अखेर म्हणाली. “तुझ्या भरवशावर हां, बेटा.”

ती बाजाराला गेली त्या दिवशी फवारणारा सहादू सकाळीच आला. दुपारच्या गाडीने त्याला दिंडोरीला जायचं होतं. फुलोरा उतरणीला लागलेला. आज चुकलं की वर्ष बुडालं. डोंगळ्यांवर माश्या घोंघावत होत्या. पुढे काय होणार हे वाल्मीकइतकं कोणाला ठाऊक? तरी तो म्हणाला, “मार.”

दुसऱ्या दिवशी उंबराखाली मेलेल्या माश्यांचा सडा पडला.

“सांजच्यालाच मारलं ना?” गुलजारबीने विचारलं.

“हो, चाची.”

“मग हे कोंडाजीचंच काम. त्यानंच द्राक्षाला कायतरी मारलं असंल.” ती तरातरा शेजारच्या बागेत गेली आणि म्हाताऱ्या कोंडाजीला नको नको ते बोलली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर बांधावर उभा राहून ऐकत होता. इतक्या वर्षांची घसट त्या दिवशी तुटली.

आणि मिळालं काय? माश्या दोन्ही तुकड्यांवर त्याच फिरायच्या. त्या मेल्या, दोन्हीकडचा दाणा पोचट निघाला आणि तुलनाही गेली.

वाल्मीक निरोप घ्यायला आला, तेव्हा गुलजारबीने मधाची बाटली पुढे केली. “गेल्या सालचा हाय. आता मोहोळच नाय. पास झालास की सरांचं तोंड गोड कर.”

बाटली हातात घेतली आणि त्याला खोटं पेलवेना. “चाची, कोंडाजीबाबांनी काही केलं नाही. मी सकाळी मारायला लावलं. माश्या फुलांवर होत्या.”

गुलजारबीने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“चल कोंडाजीकडं. मी त्याला खुनी म्हणाले हाय.”

ती पुढे निघाली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वाल्मीकला वाटत होतं. निदान बाटली तरी परत मागायची. तिने मागितली नाही, आणि ती खाली ठेवायची त्याला हिंमत झाली नाही.