उत्तराचा गुडघा

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या रविवारी सकाळी अहिल्याबाई कोथिंबीरवड्या तळत होत्या. गुरुग्रामहून होणाऱ्या विहीणबाई कुसुमावती आणि होणारे जावई जयदीप शालूचा रंग ठरवायला यायचे होते. बाहेरच्या खोलीत शशिकांतराव पेपर वाचत होते. हे गृहस्थ मंत्रालयात दिवसभर फायलींवर शेरे मारायचे, घरातल्या प्रश्नांवर मात्र त्यांचा एकच शेरा ठरलेला, "तुम्ही बघा काय ते."

उत्तरा आतल्या खोलीत मोबाईलवर डोळे लावून बसली होती. अकरा वाजता भारताच्या मुलींची बास्केटबॉलची मॅच होती. आशियातली मोठी स्पर्धा, त्यातला शेवटचा सामना. जिंकलं तर वरच्या गटात टिकायचं, हरलं तर खालच्या गटात जायचं, आणि मग पुन्हा वर यायला किमान दोन वर्षं. उत्तरा या संघाच्या शिबिरात होती. पंधराजणींतून बारा जायच्या होत्या, आणि सगळ्यांत उंच तीच असल्याने आपली निवड पक्की, असं तिला वाटत होतं. साखरपुड्यासाठी ती चार दिवस घरी आली आणि यादी लागली. यादीत तिचं नाव नव्हतं.

पोरगी आठ दिवस नीट जेवली नाही. शरमेने संघाच्या ग्रुपमधून बाहेर पडली, प्रशिक्षक दहिया मॅडमना फोनही केला नाही. "त्यांना मी नको होते, आई. विचारायचं काय त्यात?" एवढंच म्हणाली. अहिल्याबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ते नाव त्यांनीच काढायला लावलं होतं.

एकदम दुष्ट म्हणू नका हो त्यांना. पाच फूट साडेअकरा इंचांच्या लेकीसाठी स्थळं बघणारी आई काय काय ऐकते, हे ज्याचं त्यालाच ठाऊक! अकरा स्थळं आली. कुणी म्हणालं, मुलगी माडासारखी वाढलीय. कुणी म्हणालं, अंतरपाट धरणाऱ्यांना बाकावर चढवावं लागेल, आणि आपल्याच विनोदावर खो खो हसत चहा पिऊन गेलं. बायोडेटात तीन इंच कापूनही उपयोग होईना, कारण मुलगी समोर येऊन उभी राहिली की कापलेले इंच दिसायचेच. अशात बारावं स्थळ जयदीपचं आलं. त्याला उंचीचं काही वाटलं नाही. कुसुमावतीबाईंनी मात्र अहिल्याबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "खेळणं आता पुरे. आमची सून अर्ध्या चड्डीत टीव्हीवर दिसलेली आमच्याकडे चालायची नाही. एवढा शब्द द्या." अहिल्याबाईंनी दिला. मुलीला विचारलं असतं तर तिने स्थळच मोडलं असतं, म्हणून मुलीला विचारलं नाही.

मग दहिया मॅडमना फोन केला. उत्तराचा गुडघा दुखावलाय, डॉक्टरांनी सहा महिने खेळू नको म्हटलंय, ती फार रडतेय, तिच्याशी या विषयावर बोलू नका. ओळखीच्या डॉक्टरांची चिठ्ठीही पाठवली. शशिकांतरावांना सांगितलं तेव्हा त्यांनी आपला ठरलेला शेरा मारला.

पाहुणे आले. वड्या झाल्या, चहा झाला. आतून कॉमेंट्रीचा आवाज येत होता. जयदीप म्हणाला, "अरे यार, मॅच आहे ना आज? टीव्हीवर लावा की, सगळेच बघू." साधा मुलगा. त्याने स्वतःच उठून टीव्ही लावला आणि उत्तरा बाहेर येऊन कडेच्या खुर्चीत बसली.

शेवटचं सत्र सुरू होतं. समोरच्या संघाची एक धिप्पाड मुलगी बास्केटखाली खांब रोवल्यासारखी उभी होती. हुकलेला प्रत्येक चेंडू तीच उचलायची. तिच्या अंगावर आपली कृतिका सोडलेली. कृतिका उत्तराची शिबिरातली जोडीदारीण, चपळ, पण त्या धिप्पाड मुलीच्या खांद्यापर्यंतच येणारी. बिचारी उड्या मारून मारून थकली होती. उत्तराचे हात नकळत वर जात होते आणि पुन्हा मांडीवर येत होते. ते बघून अहिल्याबाई वड्यांच्या बशा गोळा करू लागल्या.

तेवढ्यात टीव्हीवरचा समालोचक म्हणाला, "भारत को आज उत्तरा देवस्थळी की कमी बहुत खल रही है. घुटने की चोट न होती तो वही इस जगह खेल रही होतीं."

कुसुमावतीबाईंनी कप खाली ठेवला. "घुटना? अहिल्याताई, मुलीचा गुडघा अधू आहे आणि आम्हाला सांगितलं नाहीत?"

"नाही हो, विहीणबाई! गुडघ्याला काहीसुद्धा झालेलं नाही."

"मग तो माणूस काय खोटं बोलतोय?"

उत्तराने मान वळवली. "आई? माझ्या गुडघ्याला काय झालंय?"

शशिकांतरावांनी पेपर उचलला आणि पुन्हा ठेवला. "मी मॅडमना तसं कळवलं," अहिल्याबाई म्हणाल्या. "गुडघा दुखतोय म्हणून. यांना शब्द दिला होता गं."

"अगंबाई! घाबरवलंत की हो!" कुसुमावतीबाई मोकळ्या हसल्या. "मला वाटलं, पायातच काही खोट आहे. छान केलंत. शब्द पाळणारी माणसं आहात."

जन्मात कुणी केलेलं कौतुक अहिल्याबाईंना इतकं झोंबलं नव्हतं.

उत्तरा ओरडली नाही. ती मॅच शेवटपर्यंत बघत राहिली. तीन गुणांनी हरलो. कृतिका मैदानातच खाली बसली आणि तिने टॉवेलमध्ये तोंड लपवलं. मग उत्तरा जयदीपकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

"आईने अट घातलीय, एवढं माहीत होतं. मला वाटलं, तुला विचारूनच ठरलंय."

"आणि तू मला विचारलं नाहीस."

"सॉरी, यार. पुढच्या वेळी खेळ ना, मी सांगतो आईला."

"पुढची वेळ दोन वर्षांनी, तीही खालच्या गटात. मी तेव्हा अठ्ठावीसची असेन, जयदीप." तिने अंगठी काढून त्याच्या हातात दिली. "तू वाईट नाहीस. पण माझ्याबद्दल सगळ्यांनी ठरवायचं आणि मला टीव्हीवरून कळायचं, अशा घरात मी नाही येणार."

कुसुमावतीबाई ताडकन उठल्या. "अशा ताडमाड मुलीला कोण करतंय ते बघतेच मी!" त्या निघाल्या. जयदीप अंगठी मुठीत धरून मागोमाग गेला.

अहिल्याबाई लेकीजवळ गेल्या. "चुकले गं मी. तुझं चांगलं व्हावं म्हणूनच—"

"मी रोज आरशात बघून स्वतःला विचारत होते, आपण कुठे कमी पडलो," उत्तरा म्हणाली. "दोन महिने. तू रोज माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस." एवढं बोलून तिने आत जाऊन दार लावून घेतलं. आतून हुंदके येत होते, आणि त्या रडण्यावर आईपाशी काही औषध नव्हतं.

दुपारी अहिल्याबाईंनी दहिया मॅडमना फोन लावला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकलं. मॅडमनी आधी एकच विचारलं.

"घुटना सचमुच ठीक है?"

"बिल्कुल ठीक है."

"काश खराब ही होता, बहनजी. चोट का इलाज मुझे आता है." मग त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "माफी मत माँगिए. एक नंबर लिखिए. अमरावती की लड़की है, वैभवी. जूनियर टीम में है. परसों उसकी माँ का फ़ोन आया, कमर में दर्द है, कैंप नहीं आएगी. मराठी में आप ही बात कीजिए."

अहिल्याबाईंनी पेपरच्या कोपऱ्यावर नंबर लिहून घेतला. शशिकांतराव म्हणाले, "दुसऱ्यांच्या घरात आपण कशाला पडायचं?"

"आपल्याच घरात तुम्ही पडला असतात वेळेवर, तर!" त्या म्हणाल्या आणि नंबर फिरवला.

"नमस्कार ताई. मी दिल्लीहून उत्तराची आई बोलतेय. माझ्या मुलीचा गुडघा मी खोटाच दुखवला होता. तुम्ही मला खरं सांगा, वैभवीची कंबर खरंच दुखतेय का?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला, मग बाईंनी हळूच विचारलं, "तुमच्या मुलीला कळलं, तेव्हा ती काय म्हणाली?"