पाचव्या ओळीतली काडी

"हे फक्त बघून ठेवा, ताई. लगेच काही ठरवायचं नाहीये," असं म्हणत मालकांनी एक पाकीट टेबलावर ठेवलं आणि तिथून जवळजवळ पळच काढला.

ज्याला काही ठरवायचं नसतं तो माणूस असा पळत नाही. मालक अर्ध्या चड्डीत वडिलांचं बोट धरून कारखान्यात यायचे, तेव्हापासून बारीकताई त्यांना ओळखत होत्या. खोटं बोलताना त्यांचे कान तेव्हाही लाल व्हायचे, आणि आता केस पिकायला लागले तरी होतात. ताईंनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि पाकीट उलटं केलं.

आतून यंत्रावर केलेली तयार कडी निघाली. चांगली पन्नास.

गिटारच्या पुढच्या फळीला मधोमध गोल तोंड असतं, त्याभोवती नक्षीचं एक कडं बसवतात. लांबून ते रंगवल्यासारखं दिसतं, पण तसं ते नसतं. सुईएवढ्या बारीक, काळ्यापांढऱ्या लाकडी काड्या एकीवर एक रचायच्या, ओळी नऊ आणि ओळीत काड्या तेरा. सरसाने चिकटवून त्याचा ठोकळा करायचा. मग पावाचे काढावेत तसे त्या ठोकळ्याचे पातळ काप काढायचे. प्रत्येक कापावर तीच नक्षी येते, आणि असे पन्नासेक काप गोलात बसवले की एक कडं होतं. एका ठोकळ्यात कशीबशी दोन. एकतीस वर्षं ताई हेच करत होत्या. 'बारीकताई' हे नाव त्यांना कामावरून पडलं होतं. अंगाकडे बघून कुणी ते ठेवलं नसतं, आणि हा विनोद त्या स्वतःच आधी करून टाकायच्या, म्हणजे दुसऱ्याला संधी नको.

"बघितलंत का?" शेजारच्या खोलीतून पॉलिशवाला डोकावला. "मोठ्या, महागड्या गिटारीलाही आता हेच लावायचं म्हणतायत."

"कोण म्हणतंय?"

"दुकानदार. चार वाजता येतोय. दोन गिटारी काढून ठेवल्यात, एकीला तुमचं कडं, एकीला हे. तो बोट ठेवील ते पक्कं." मग ताईंचा चेहरा बघून त्याचा आवाज उतरला. "तुम्हाला बोलले नाहीत?"

"मला बघून ठेवायला सांगितलंय फक्त."

तो गेला. ताईंना असा संताप आला की काय उचलून आपटावं ते कळेना, आणि त्या टेबलावर आपटण्यासारखं काही नव्हतंच, सगळं चिमट्याने उचलायचं. स्वस्त गिटारींना तयार कडी लागून तीन वर्षं झाली होती. तेव्हाही 'फक्त बघून ठेवा' म्हणूनच सुरुवात झाली होती, आणि रागाच्या भरात ताईंनी ती कडी कधी भिंगाखाली धरलीही नव्हती. आता हाताच्या कड्याची म्हणून ही एक मोठी गिटारच उरली होती. ती गेली की खिडकीजवळचं हे टेबल गेलं, आणि टेबल गेलं की ताई घरी.

त्यांनी भिंग उचललं. दुसऱ्याच्या मालात खोट काढण्याइतकं सुख नाही. कुठेतरी सरस बाहेर आलेला असेल, कुठेतरी काडी फाकलेली असेल, चार वाजता दुकानदाराच्या नाकासमोर धरायला एवढं पुरे होतं.

खोट सापडली. ती बघून मात्र ताईंनी भिंग पुसून पुन्हा धरलं.

नक्षी चौकटीची होती, मधोमध पांढरा ठिपका. चौकटीचा उजवा कोपरा किंचित खाली झुकलेला. पाचव्या ओळीत काळी काडी हवी तिथे पांढरी होती, आणि पांढरी हवी तिथे काळी. पुढच्या कापात तेच. सगळ्या कड्यात तेच. त्यांनी दुसरं कडं घेतलं, तिसरं घेतलं, सगळीकडे तोच झुकलेला कोपरा.

ही चूक यंत्राची नव्हती. ही ताईंची होती.

बावीस वर्षांपूर्वी त्यांची आई इस्पितळात होती. एक दिवस पाचवी ओळ रचत असताना मालकांच्या खोलीतला फोन वाजला. लगेच ये, एवढंच भाऊ म्हणाला. ताई टेबलाशी परत आल्या. ठोकळा अर्धा झाला होता, सरस गरम होता, तसाच टाकला तर सगळं वाया. दहा मिनिटांचं काम. त्यांनी उरलेल्या ओळी लावल्या, शिकंजा आवळला आणि मग निघाल्या. पोचल्या तेव्हा आई गेलेली होती. फार वेळ नाही, पाचेक मिनिटं झाली असतील, असं नर्स म्हणाली होती.

पंधरा दिवसांनी कामावर येऊन त्यांनी तो ठोकळा कापला, तेव्हा झुकलेला कोपरा दिसला. थोरले मालक म्हणाले, "लावून टाका. कोण भिंग घेऊन बघतंय." दोन गिटारी तशाच गेल्या. उरलेले दोनतीन काप ताईंनी एका डबीत टाकले. ते फेकवले नाहीत आणि पुन्हा बघवलेही नाहीत.

आणि आता हे. इतक्या वर्षांत हजारावर कडी झाली, त्यातली दोन चुकली. त्या यंत्रवाल्या मेल्यांना नक्कल करायला नेमकं त्यातलंच सापडावं?

चारला दुकानदार आला. सज्जन माणूस, चष्मा कायम कपाळावर. त्याने दोन्ही गिटारी खिडकीशी नेल्या, तिरप्या करून पाहिल्या, आणि तयार कड्याच्या गिटारीवर बोट ठेवलं.

"हे बरोबर आहे."

"आणि हे?" ताईंनी विचारलं.

"हेही छान आहे हो, काम सुरेखच आहे. पण तो कोपरा बघा. याच्यात जो झुकाव आहे ना, तो तुमच्यात नाही. आता सगळीकडे हेच दिसतं, गिऱ्हाईक हेच ओळखतं. तुमचं जरा…" त्याने शब्द शोधला. "जरा नकलेसारखं वाटतं."

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "तो झुकाव नाही. ती चूक आहे."

"चूक असती तर एवढ्या गिटारींवर असती का, ताई?" दुकानदार समजुतीने हसला.

ताई टेबलाशी गेल्या, खणातून डबी आणली आणि त्यातला एक काप चिमट्याने तयार कड्याच्या शेजारी ठेवला. मालक वाकले. दुकानदाराचा चष्मा कपाळावरून खाली आला. दोन्ही नक्षींत तसूभर फरक नव्हता. ताईंनी सांगितलं, हा ठोकळा माझा, चुकला होता, दोन गिटारींना लागला होता. फोनचं आणि आईचं काही सांगितलं नाही.

दुकानदाराने भिंग मागून घेतलं आणि दोन्हींवरून फिरवलं. "अरे वा, म्हणजे मूळ तुमचंच की. मग प्रश्नच मिटला. तयार कशाला? तुम्हीच करून द्या, अगदी अस्संच. मी हाताने केलेलं म्हणून विकतो."

"अस्संच म्हणजे?"

"म्हणजे या झुकावासकट."

मालकांचा चेहरा असा खुलला की ताईंना त्यांची कीव आली. या माणसाच्या मनात आपल्याला घालवायचं नव्हतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि राग उलट वाढला. घालवायचं असतं तर त्यांच्यावर तरी धड चिडता आलं असतं. "झालं तर मग, ताई," मालक म्हणाले, "टेबल राहिलं तुमचं. सकाळी सांगा, काळ्या काड्या मागवून ठेवतो."

संध्याकाळी घरी नवरा ओट्याशी बटाटे सोलत होता. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर त्याने बळकावलं होतं. सगळी हकिकत ऐकून तो म्हणाला, "मग करून टाक की. चूक तुझीच आहे. शेजारून मागून थोडीच आणायचीय?"

ताईंना हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले. दोन्ही एकदम आल्यामुळे त्या आणखीच वैतागल्या.

"तेव्हा दहा मिनिटं थांबले होते मी," त्या म्हणाल्या. "फोन आल्यावर. सरस वाळेल म्हणून."

नवऱ्याचा सुरीवाला हात थांबला. "तू तर म्हणाली होतीस, बस चुकली."

"तसं सांगितलं होतं. तुम्हाला, दादाला, सगळ्यांना."

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. 

"तेव्हा ती काडी माझ्या हातून गेली, मला कळलंही नाही," ताई म्हणाल्या. "आता नीट बसून, मोजून मापून तीच पुन्हा लावू? रोज? आणि लोकांनी म्हणायचं, वा, काय झुकाव आहे."

"नको लावूस," नवरा म्हणाला. त्याने बटाटा तसाच ठेवला आणि पाण्याचा पेला ताईंपुढे सरकवला. "बावीस वर्षं एकटीने कशाला वागवलंस हे?"

ताईंनी पाणी संपवलं आणि उरलेले बटाटे स्वतःकडे ओढले.

सकाळी त्या थेट मालकांच्या खोलीत गेल्या. "मला नाही जमणार ते."

"काय नाही जमणार? तुम्ही केलंय ते."

"म्हणूनच."

मालकांनी डोक्याला हात लावला. "ताई, मी तुमच्यासाठीच भांडतोय हो. एक काडी इकडची तिकडे. कुणाला कळणार आहे?"

"तुमचे वडीलही हेच म्हणाले होते."

मालकांचे कान लाल झाले. या खेपेला ते खोटं बोलत नव्हते, तरीही. ते काचेतून कारखान्याकडे बघत राहिले. "मग तयारच लावावी लागतील," शेवटी म्हणाले. "बसवायचं काम तरी तुम्हीच करा. पाकिटातली पन्नास होईपर्यंत टेबल कुणी हलवणार नाही."

पन्नास झाल्यावर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि ताईंनी विचारलं नाही.

तयार कडं बसवायला अकलेची गरज नसते. फळीत गोल खाच पाडायची, सरस लावायचा, कडं दाबायचं. ताईंनी पहिलं कडं अर्ध्या तासात बसवलं. छान बसलं, अगदी सपाट, आणि म्हणून त्यांना ते आणखीच डोळ्यांसमोर नकोसं झालं. 

कड्याचा वरचा दोन बोटं भाग नंतर झाकला जातो. गिटारच्या मानेवर जी काळी लांब पट्टी असते, तिचं टोक तिथे येऊन चिकटतं, आणि मग ती गिटार मोडेपर्यंत तो भाग कुणालाही दिसत नाही. ताईंनी पातं घेतलं. बरोबर त्या भागातला एक काप चारही बाजूंनी कोरला आणि टोकाने उचकटून काढला. त्यांच्या स्वतःच्या, बरोबर रचलेल्या ठोकळ्यातले उरलेले काप खणात होते. त्यातला एक घेऊन त्यांनी कड घासली, लावून पाहिला, पुन्हा घासली. भिंगाखाली बोटं आता पूर्वीसारखी थांबत नव्हती, श्वास धरावा लागत होता. शेवटी काप बसला. चौकटीचे चारही कोपरे जागच्या जागी.

मालक जाताना थबकले. "ताई, दुपार झाली. अजून पहिलंच?"

"हो," ताई भिंगातून मान वर न करता म्हणाल्या. "यात चूक होती."

फळी घेऊन त्या स्वतःच पट्टी बसवणाऱ्याकडे गेल्या. त्याने काही पाहिलं नाही. सरस लावला, पट्टी ठेवली, शिकंजा आवळला. तो सरळ काप खाली गेला. ताई सरस वाळायची वाट बघत तिथे थांबल्या नाहीत. टेबलाशी परत येऊन त्यांनी पाकिटातून दुसरं कडं काढलं.