देवाने टाकलेली खोळ

मित्रांनो, मी एक जुना जीव आहे. किती जुना? तुमच्या गावचा वडही माझ्यापुढे कालचं पोर ठरेल. पन्नास कोटी वर्षांपूर्वी मी समुद्राच्या तळाशी राहत होतो. बोटाच्या पेराएवढं निमुळतं कवच, तोंडाला झाकण आणि झाकणाखालून दोन बाजूंना निघालेले दोन वाकडे, काडीसारखे हात. आमच्या कुळाला हायोलिथ म्हणतात. मी चिखलात गाडला गेलो, चिखलाचा दगड झाला आणि त्या समुद्राचा हिमालय झाला.

तिथे रस्ते बांधणाऱ्या सूर्यभान नावाच्या जवानाने १९७९ साली मला उचललं आणि ट्रंकेत घालून राणीसावरगावला आणलं. त्याच्या बायकोला, मनकर्णाला, माझे पसरलेले हात पाहून दगडात देव दिसला. तिने मला शेतातल्या विहिरीजवळ बसवून शेंदूर लावला. खरं सांगतो, मला ते फार आवडलं. पण दर अमावस्येला थरावर थर चढत गेला आणि मी आत दिसेनासा झालो.

त्यांची मुलगी रुख्मिणी औरंगाबादला भूशास्त्र शिकत होती. पुस्तकात माझ्या कुळाचं चित्र दिसताच तिला विहिरीवरचा देव आठवला. ही जात नवी असेल, पण झाकण आणि हात पाहिल्याशिवाय तसं लिहिता येणार नाही, असं तिचे सर म्हणाले. ती चाकू घेऊन माझ्यासमोर बसली. मनकर्णाने तिचा हात धरला.

"देवाला खरडीत न्हाईत, बाई. त्याच्या मनात आलं की त्योच खोळ टाकील."

शेंदराचं जाड कवच आपोआप गळून पडतं, त्याला खोळ म्हणतात. रुख्मिणी रागावली, रडलीसुद्धा. पण तिने चाकू ठेवला. मी आत सुटकेचा निःश्वास टाकला, कारण चाकूने माझे हात नक्की मोडले असते.

ती दोन वर्षं थांबली. १९९२ च्या वैशाखात, भर दुपारी, खोळ सुटून अखंड गळाली. झाकण जागेवर होतं, दोन्ही हात शाबूत होते! त्या शेंदरानेच मला ऊन-पावसापासून जपलं होतं. मनकर्णाने स्वतः मला फडक्यात गुंडाळून लेकीच्या हाती दिलं. खोळीच्या आतल्या बाजूला माझा हुबेहूब ठसा उमटला होता. ती खोळ मनकर्णाने रिवाजाप्रमाणे नदीत न सोडता विहिरीवर माझ्या जागी बसवली.

रुख्मिणीने मला मोजलं, माझी चित्रं काढली, माझ्यावर लिहिलं. जात नवीच निघाली आणि तिला नाव देण्याचा मान रुख्मिणीला मिळाला. जानेवारी १९९४ मध्ये तिचा लेख छापून आला. त्याच महिन्यात तिच्या विद्यापीठाचं नामांतर झालं होतं, त्यामुळे नावाचं मोल आमच्या मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर आधी खरडू नका. तिला कुणी, कसं जपलं, ते विचारा.

आता मी विद्यापीठातल्या काचेच्या कपाटात आहे. मनकर्णा मला पाहायला आली तेव्हा रुख्मिणीने तिला माझ्या जातीचं नाव वाचून दाखवलं: मनकर्णी.  मनकर्णाने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला हात जोडले.

"आजवर म्या देवाचं नाव घेतलं," ती म्हणाली. "आता देवानं माजं घेतलं."