बाईंनी तपासलेला फलक

नगरपालिकेच्या सज्ज्यावरचा फलक पाहिला आणि पावाची पिशवी छातीशी धरून मी चौकातच थिजले. कुत्र्यांची घाण मालकांनी उचलावी म्हणून मोहीम होती. हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'मी उचलतो, आणि तुम्ही?' आणि त्यातला 'उचलतो'च चुकला होता!

उचलणे म्हणजे आमच्या स्पॅनिशमध्ये 'रेकोखेर'. त्यातलं 'खे', म्हणजे इंग्रजीतला 'जी', हे अक्षर लबाड. पुढे 'ए' आला तर 'ख' वाजतं, 'ओ' आला तर 'ग'. म्हणून 'मी उचलतो' लिहिताना ते काढून 'खोता', म्हणजे इंग्रजीतला 'जे', हे अक्षर घालायचं, तेव्हा कुठे 'रेकोखो' होतं. फलकावर झालं होतं 'रेकोगो'. माझ्या आईने, शाळेच्या विसितासिओनबाईंनी, गावाच्या दोन पिढ्यांना हे घोटवून घेतलं होतं.

नगराध्यक्ष एवारिस्तो त्यातलाच. मी तडक त्याच्या खोलीत शिरले.

"कुठल्या गाढवाने लिहिलं रे ते? आई कान उपटेल तुझा!"

त्याने दार लोटून घेतलं. "रेमे, बस जरा."

"बसत नाही. आधी उतरव ते."

"मी बरोबरच लिहिलं होतं गं. छापायच्या आधी बाईंना दाखवलं. त्यांनी खोडून हे केलं. वर म्हणाल्या, 'ठोंब्या, अजून येत नाही तुला?'"

"खोटं!"

"बाईंपुढे तोंड कोण उघडणार? वाटलं, माझंच चुकलं."

मी मटकन बसले.

घरी आई तळणीसाठी क्रोकेताचे गोळे वळत होती. विचारलं, तर फणकारली, "माझी परीक्षा घेतेस?" मग टेबलावरच्या पिठात बोटाने लिहू लागली. 'रेको'पुढे 'खे' लिहिला. पुसला. पुन्हा तोच लिहिला.

"काहीतरी खटकतंय," ती पुटपुटली. "काय गं खटकतंय, रेमे?"

आईने मला शब्द विचारला!

संध्याकाळी हट्टाने ती चौकात आली. फलकाखाली लोक खिदळत होते. तिला पाहताच एवारिस्तो पुढे झाला. "बाई, चूक माझी. तुम्ही सांगितलेलं मी ऐकलं नाही."

आईने त्याला भर चौकात झाडलं. तो मान खाली घालून उभा. आता कुणी हसत नव्हतं.

परतताना तिने माझा दंड घट्ट धरला. "खोटं बोलला ना तो?"

मी हादरले. "हो, आई."

"गुणी आहे पोरगा." थोडं चालून ती म्हणाली, "डॉक्टरांना उद्याच फोन कर."